समुद्र शोधायला भंडारदऱ्याला

समुद्राच्या अभ्यासासाठी मी अहमदनगर जिल्ह्यात जाऊन आले, असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग भिंतीवर नकाशा आहे का ते शोधतो. या जिल्ह्यातून समुद्राकडे जायचं तर सह्याद्री आडवा येतो, आणि तो उतरलात तरी अख्खा ठाणे जिल्हा शिल्लक राहतो. रत्नागिरीला आईला पत्राने कळवलं, तेव्हा तिने उलट टपाली विचारलं, "तुला तिकडे कुणी चेष्टेने तर पाठवत नाही ना?"

चेष्टा नव्हती, परीक्षा होती. त्र्याहत्तर सालचा डिसेंबर. आमच्या किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत नुकतीच उपग्रहाची छायाचित्रं येऊ लागली होती. हिवाळ्यात अरबी समुद्रात गार पाणी आणि कोमट पाणी एकमेकांत न मिसळता शेजारी-शेजारी राहतात, आणि त्यांच्यामधली रेघ उपग्रहाला चक्क वरून दिसते. गार पाणी फिकं, कोमट पाणी काळपट. मात्र त्या पाण्यात हिरवं किती, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींमधलं हरितद्रव्य किती, हे बिचाऱ्या उपग्रहाला अजून कळत नाही. त्यासाठी कुणीतरी जहाजाने जाऊन रेघेच्या दोन्ही बाजूंचं पाणी आणावं लागतं. हिरवं असेल तिथे मासा असतो, म्हणून ही सगळी उठाठेव.

जानेवारीत जहाज निघणार होतं आणि त्यावर एक जागा उरली होती. ती मला हवी होती. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणतो, ते म्हणाले, "मिस साळवी, तुम्ही आजवर समुद्र फक्त बाटलीत पाहिलाय." कामापुरतं तरी हे खरंच होतं. जागेसाठी दुसरा उमेदवार म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. त्याला नुसतं होडीत बसवलं तरी उलट्या होतात, पण तो पुरुष होता. शेवटी सरांनी अट घातली. भरती-ओहोटी नसलेल्या एखाद्या शांत पाण्यावर जा, गार-कोमट पाण्याची रेघ शोधा, आणि रेघेपाशी हिरवंही बदलतं हे कागदावर दाखवा. दाखवलंत तर जागा तुमची. सरांचे एक मेहुणे भंडारदरा धरणावर नोकरीला होते, त्यामुळे शांत पाणी कुठलं हा प्रश्नच उरला नाही.

शेंडी, पहिला दिवस

माझ्याजवळ मुख्य अशा तीन वस्तू होत्या. एक उष्मा मोजायची पेटी. तिचं नळकांडं पाण्याकडे रोखलं की पाण्याला न शिवता काटा तापमान दाखवतो, म्हणजे उपग्रहाचं घरगुती भावंडच. दुसरी वस्तू म्हणजे हातपंपाची गाळणी आणि तिचे चोवीस पांढरे, बिस्किटाएवढे गोल कागद. पाणी गाळलं की त्यातलं हिरवं कागदावर राहतं. तो कागद काळ्या कागदात गुंडाळून थंडीत ठेवायचा, कारण उजेड आणि ऊब लागली की हरितद्रव्य संपलं. म्हणून तिसरी वस्तू, नाशकात भरून घेतलेली बर्फाची पेटी.

ही पेटी घोटीपासून पुढे एसटीत ठिबकत होती. कंडक्टरने विचारलं, "बाई, मासळी हाय का आत?"

"नाही, नुसता बर्फ आहे."

"मंग मासळी कुटंय?"

"मासळी नाही. पाणी आणायला चाललेय धरणावरून."

घाट चढून गाडी थांबेपर्यंत तो अधूनमधून मागे वळून बघत होता. डिसेंबरच्या थंडीत, कानाला मफलर बांधून, बर्फ घेऊन पाणी आणायला निघालेली बाई त्याने याआधी पाहिली नसावी.

मेहुण्यांनी सांगितलेल्या विश्रामगृहात कुणी बडे साहेब उतरले होते, तेव्हा माझी रवानगी धरणाकाठच्या शेंडी गावात सखाराममामांच्या घरी झाली. मामा धरणाच्या पाण्यात मासे धरतात आणि उरलेल्या वेळात भाताची दोन खाचरं करतात. मोजकं बोलणारे. त्यांच्या वाटचं बोलणं त्यांच्या बायकोने, हौसाबाईंनी, घेऊन टाकलेलं.

"समिंदरवाली पोरगी म्हनं तुमी," हौसाबाई मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाल्या. "मंग हितं काय हरवलं?"

मी उपग्रहापासून सुरुवात केली. त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सरकवत नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "येवड्या वरनं त्याला पानी गार का ऊन ते कळतंय?"

"हो."

"आन ह्यास्नी शेजारी बसून च्या गार झाल्याला कळत न्हाई." मामा शांतपणे गार चहा पीत होते.

जेवायला शेंगोळं होतं. आमच्याकडे कुळीथ म्हणजे पिठी, पातळ, भाताबरोबर ओरपायची. इथे त्याच कुळथाला हुलगे म्हणतात, पिठाचे हातावर वळलेले वेढे लसणाच्या झणझणीत पाण्यात शिजवतात आणि वर आणखी मिरची घालतात. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हौसाबाईंना वाटलं मला घरची आठवण झाली. त्यांनी मायेने आणखी वाढलं.

जलाशय, दुसरा दिवस आणि तिसरा

सकाळी नऊला आवरून, वेणी घालून, वही-पेन्सिल घेऊन मी दहाच्या ठोक्याला होडीशी हजर झाले. मामा कधीचे तिथे बसून होते. रात्री लावलेल्या जाळ्यातले मासे विकूनही झाले होते.

पाणी सुंदर होतं. तिन्ही बाजूंनी डोंगर, रतनगडाचा खुंटा नावाचा सुळका निळ्या आभाळात वर आलेला, काठावर कापणी झालेली पिवळी खाचरं. मी नळकांडं रोखलं, काटा बघितला, आकडा टिपला. पाणी गाळलं, कागद गुंडाळला, काळ्या कागदावर जागेचा क्रमांक घातला. पुढची जागा. पुन्हा तेच. दुपारी होडीतच नागलीची भाकरी आणि सुकट. ही सुकट मरळीची, धरणातली. मी फार विचार न करता म्हणाले की आमच्याकडच्या बांगड्यापुढे ही जरा अळणी लागते. मामांनी तेवढ्यावर पहिल्यांदा तोंड उघडलं. "तुमच्या माशाला मीठ पान्यानंच लावल्यालं असतंय. हितं मानसाला लावावं लागतं."

दोन दिवसांत अठरा जागा झाल्या. एका ठिकाणी मामांनी नांगराचा दगड ओढून होडीत टाकला तो नेमका मी पडताळ्यासाठी आणलेल्या पाऱ्याच्या तापमापकावर. पारा होडीच्या तळाशी गोळ्या-गोळ्या होऊन पळत सुटला आणि आम्ही दोघं रांगत त्याच्या मागे. तो काही सापडला नाही. खरं दुःख त्याचं नव्हतं. अठराही जागी पेटीचा काटा जवळजवळ एकाच आकड्यावर उभा होता. ओढ्याच्या तोंडाशी तोच, भिंतीपाशी तोच, मधोमध तोच. उपग्रहाला हजारो मैल समुद्रात रेघ सापडते आणि मला एका धरणात सापडत नव्हती. पाच वाजता मी वही मिटत होते. आता भरवसा कागदांवर. काट्याला आणि डोळ्यांना नाही कळलं तरी प्रयोगशाळेत निदान हिरव्यात फरक निघेल, अशी आशा धरून होते.

परतताना मामा वल्ही मारत म्हणाले, "बाई, तुमी बांध बगताय ना?"

"कसला बांध?"

"पान्याचा. वड्याचं गार पानी आन धरनाचं पानी, मदी बांध असतो. आपल्या वावरात असतो तसाच. मासा त्या बांदावर चरतो. मी जाळं तितंच लावतो."

मी वल्हं धरून होडी थांबवली. "मग दोन दिवस सांगितलं का नाही?"

"तुमी पुसलं कुटं? आन तुमी येता धा वाजता. दुपारच्याला ऊन वरची साय तापवतं, मंग पानी सगळं येकच. बांध असतो पहाटं."

हे मला पुस्तकात शिकवलेलं होतं. पाण्याचा वरचा पातळ थर उन्हात तापला की खालचा फरक झाकला जातो, त्यामुळे उपग्रहाचीसुद्धा रात्रीची छायाचित्रं चांगली. परीक्षेत मी हे उत्तर लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. तरी मी धरणावर आले ती दहा ते पाच, कचेरीची वेळ सांभाळून. उगवत्या सूर्याला मी जणू हजेरीपटावर सही करायला लावली होती.

हौसाबाईंचं अंगण

चौथ्या दिवशी पहाटे निघायचं ठरवलं, पण मामांना तालुक्याला, अकोल्याच्या बाजारात जाणं भाग होतं. म्हणून तो दिवस फुकट. जवळ अजून एक दिवस होता आणि सहा कागद. मीही बर्फ मिळतो का बघायला मामांबरोबर अकोल्याला गेले. जाताना बर्फाच्या पेटीतला कागदांचा डबा ओट्यावर काढून ठेवला, कारण बर्फ वितळून पेटीत पाणी झालं होतं आणि डबा त्यात तरंगत होता.

अकोल्यात बर्फ मिळाला नाही. दुपारी परतले. अंगणात तेलाची काळी खुरासणी वाळत घातली होती. तिच्या शेजारी सूप होतं, आणि सुपात माझे अठरा कागद ओळीने पसरलेले होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक छोटा खडा. काळे कागद वेगळे काढून, नीट घडी करून, उंबऱ्याशी ठेवलेले. ज्यांवर जागांचे क्रमांक होते ते हेच.

हौसाबाई कौतुकाची वाट बघत उभ्या होत्या. "डब्यात पानी शिरलं हुतं बगा. लेकरावानी जपताय तुमी त्ये, आन बुरशी धरली असती. म्हनलं, वाळवून ठिवावं."

कागद पांढरेफटक झाले होते. दोन दिवसांचं हिरवं, जे होतं नव्हतं ते, दीड प्रहराच्या उन्हाने चाटून नेलं होतं.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहायची लाज वाटते. माझ्या नोकरीचं, माझ्या जहाजाचं तुम्ही वाटोळं केलंत, असं काहीतरी, एका परक्या बाईला, तिच्याच अंगणात. त्यांना सगळं कळलं नाही, पण पुरेसं कळलं. त्या सूप उचलून घरात गेल्या. संध्याकाळी पान वाढलं ते न बघता वाढलं. पानात भात होता, काळ्या तुसाचा, घमघमणारा, पाहुण्यांसाठीच ठेवणीतला काढलेला.

डबा मीच उघड्यावर ठेवला होता. काय आहे, कसं जपायचं, हे मी घरातल्या बाईला सांगितलंसुद्धा नव्हतं. उपग्रह समजावून सांगितला आणि कागद सांगायचा राहिला. मी उठून चुलीपाशी गेले. "मावशी, चूक माझी होती. तुम्ही माझ्या वस्तूची काळजी घेतलीत आणि मी तुमच्या अंगावर आले."

त्यांनी हातावरची भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "त्याला ऊन चालत न्हाई, येवडंच ना? काळोख आन गारवा पायजे?"

"हो. आणि बर्फ संपला."

"बर्फ कशाला पायजे? लोनी काय बर्फात ठिवतो आमी?" त्यांनी परसात नेऊन दाखवलं. रांजणाखाली ओल्या वाळूत अर्धं पुरलेलं मडकं, तोंडावर ओलं फडकं. आत हात घातला तर बोटं आखडली. "तुमचा डबा ह्यात. कुनी हात लावनार न्हाई. मी बी न्हाई."

शेवटची सकाळ

अजून नीट फटफटलं नव्हतं तेव्हा आम्ही होडी ढकलली. मामा वल्ह्यावर, मी पुढे, आणि या खेपेला हौसाबाईही आल्या. "काय येवडं हाय पान्यात ते बगू तरी," म्हणून त्या मडकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

पाण्यावर वाफ उभी होती. आमच्याकडे समुद्रावर असं दिसत नाही. इथे उघड्या आभाळाखाली हवा इतकी गारठते की कोमट पाणी चुलीवर ठेवल्यासारखं वाफाळतं. मामा रतनवाडीच्या बाजूला, ओढ्याच्या तोंडाकडे वल्हवत राहिले. आणि मग एकाएकी वाफ संपली. तुटून संपली, पडदा ओढल्यासारखी. अलीकडे धुकं, पलीकडे काळं, स्वच्छ, वाफ नसलेलं पाणी. दोहोंच्या मध्ये वाळकी पानं, काटक्या आणि फेस यांची वाकडीतिकडी रांग.

"ह्यो बांध," मामा म्हणाले.

मी घाईघाईने पेटी उघडली. काटा हलेना. गारठ्याने बॅटरी बसली होती. मी पेटी पदराखाली पोटाशी धरली, तिला ऊब देत बसले. डोंगरामागे आभाळ तांबडं होत होतं. ऊन आलं की साय तापणार, बांध पुसला जाणार, आणि संध्याकाळची गाडी मला पकडायची होती. माझ्याकडे सहा कागद होते. काटा न बघता ते इथे खर्च करायचे, केवळ पानांच्या एका रांगेवर आणि मामांच्या शब्दावर? चुकलं तर सातवा कागद नव्हता.

"हात घाला," मामा म्हणाले.

"कुठे?"

"पान्यात. येक हिकडं, येक तिकडं."

होडी त्या रांगेवर आडवी उभी होती. मी दोन्ही बाजूंना वाकू शकत नव्हते, म्हणून हौसाबाईंनी माझी कंबर घट्ट धरली आणि मी आधी डावा हात घातला, मग दुसऱ्या कडेला सरकून उजवा. डावा आंघोळीच्या निवत आलेल्या पाण्यासारखा. उजव्याच्या बोटांना गारवा झोंबला. पाच वर्षं मी पाण्याचं तापमान मोजून पोट भरते आहे. पाण्यात हात घालून बघायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

मी गाळणी काढली. तीन कागद वाफेच्या बाजूला, तीन ओढ्याच्या बाजूला. मामा दर खेपेला होडी चार वल्ही पुढे नेत, मी पंप मारत होते, हौसाबाई कागद काळ्या कागदात गुंडाळून मडक्यात सारत होत्या आणि प्रत्येक वेळी "उजेड लागला न्हाई" असं मोठ्याने जाहीर करत होत्या. पहिला कागद फिकट पिवळसर. दुसरा तसाच. तिसराही. मग बांध ओलांडला. चौथा कागद गाळणीतून काढला आणि मी ओरडले, कालच्यापेक्षा मोठ्याने. तो हिरवा होता. कोवळ्या भाताच्या रोपासारखा हिरवा. पाचवा हिरवा, सहावा हिरवा.

तेवढ्यात पदराखालची पेटी जागी झाली. काटा थरथरला, वाफेच्या बाजूला एका आकड्यावर बसला, पलीकडे वळवला तसा दीड अंश खाली उतरला. मामांनी त्याच्याकडे बघून मान डोलावली, मुलाने पाढा बरोबर म्हटल्यासारखी. मग ऊन डोंगर उतरून पाण्यावर आलं, वाफ विरली, आणि थोड्याच वेळात पाणी सगळं एकच झालं.

निघताना हौसाबाईंनी मडकं मलाच दिलं, ओल्या वाळूच्या टोपलीसकट. कंडक्टर तोच होता. त्याने मडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने तिकीट फाडलं.

प्रयोगशाळा

सहकाऱ्याने मला समजावलं होतं. अठरा कागदांचं सांगूच नको, सहाच नेले होते म्हण. आणि जागा उपकरणाने सापडली म्हण, कोळ्याने दाखवली म्हणालीस तर शास्त्र कसलं? मला त्याचा सल्ला प्रामाणिक वाटला. त्याला जहाज नकोच होतं, बिचाऱ्याला.

मी सरांपुढे सहा कागदांचे आकडे ठेवले. मग दहा ते पाचचं सांगितलं, सुपातल्या खड्यांचं सांगितलं, पानांच्या रांगेचं आणि दोन हातांचंही सांगितलं. बर्फाऐवजी मडकं होतं हेही. सांगताना ऐकू येत होतं की प्रत्येक वाक्यागणिक ती जागा माझ्यापासून लांब चालली आहे. पण ती रेघ माझी नव्हती. सखाराममामांचं नाव न घेता ती माझी म्हणून दाखवली असती, तर जहाजावर जाऊन मी दुसऱ्या कुणाच्या तरी रेघेवर बसले असते. मला ते नको होतं.

सरांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. हिरव्याचा आकडा बांधापलीकडे तिपटीहून वर गेला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि सांगितलं की पद्धतीच्या रकान्यात त्या मामांचं पूर्ण नाव घाला, गावासकट.

"घालते," मी म्हटलं आणि उठले. दारापर्यंत पोचले होते.

"मिस साळवी," मागून आवाज आला. सर खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. "जहाजावरच्या शिड्या अगदी उभ्या असतात. साडीत जमायचं नाही. तुमच्या ओळखीत कुणी चांगला शिंपी आहे का?"

मला एकदम रडू आलं, आणि शिंप्याचं नाव काही केल्या आठवेना.